कपाळावरील सौंदर्य-इंजेक्शनांनंतर बिघडणारा भुवयांचा आकार आणि त्याची दुरुस्ती : एक विवेचन

सारांश :

कपाळावरील आठ्या घालविण्यासाठी बोटुलिनम टॉक्सिन या औषधाची इंजेक्शने घेतल्यानंतर काही व्यक्तींच्या भुवयांची बाहेरील टोके अनैसर्गिकरीत्या वर चढतात, काहींच्या भुवया खाली उतरतात, तर काहींच्या दोन भुवयांत विषमता निर्माण होते. या दोषाचे मूळ बहुधा स्नायूंच्या बिघडलेल्या समतोलात असते. त्यामुळे दुरुस्तीचा मार्गही समतोल पुन्हा प्रस्थापित करण्याचाच असतो. ही दुरुस्ती केव्हा करावी, कशी करावी, कोणत्या वेळी केवळ वाट पाहावी आणि तिच्यासाठी उपचाराची लेखी नोंद का अपरिहार्य ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : भुवई, बोटुलिनम टॉक्सिन, ललाट-स्नायू, भावाभिव्यक्ती, उपचार-नोंद

प्रस्तावना :

मानवी चेहऱ्यावरील भुवई हा आकाराने लहान, पण अर्थाने समृद्ध असा अवयव आहे. मराठी भाषेनेही हे ओळखले आहे. 'भुवया उंचावणे' म्हणजे आश्चर्य किंवा शंका, 'कपाळाला आठ्या घालणे' म्हणजे नापसंती, 'भिवया चढविणे' म्हणजे राग. या वाक्प्रचारांत भावनेचे नावही घ्यावे लागत नाही. भुवईची हालचाल सांगितली की भावना आपोआप कळते.

भारतीय नाट्यविचारात या गोष्टीची शास्त्रीय मांडणी फार पूर्वी झाली. भरताच्या नाट्यशास्त्रात उपांगांच्या अभिनयाचे विवेचन करताना भुवयांची सात कर्मे सांगितली आहेत. उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित आणि सहज ही ती सात कर्मे होत. यांतील 'उत्क्षेप' म्हणजे भुवई वर नेणे, 'पातन' म्हणजे खाली आणणे आणि 'रेचित' म्हणजे एकच भुवई ललित रीतीने उचलणे. सातवे कर्म 'सहज', म्हणजे भुवईची स्वाभाविक स्थिती. काहीही न करणाऱ्या भुवईलाही भरताने कर्मांच्या यादीत स्थान दिले, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. भुवई स्वाभाविक स्थितीत असेल तरच तिच्या इतर सहा हालचालींना अर्थ येतो.

सौंदर्योपचारातील इंजेक्शनांमुळे नेमकी ही 'सहज' स्थितीच बिघडू शकते. भुवई कायमची 'उत्क्षेप' किंवा 'पातन' स्थितीत अडकली, तर व्यक्तीच्या मनात नसलेला भाव तिच्या चेहऱ्यावर दिसू लागतो. वर्गात शिकविणाऱ्या शिक्षिकेचा चेहरा उपहासाचा वाटतो, बँकेच्या खिडकीमागील कर्मचाऱ्याचा चेहरा संशयी वाटतो. हा परिणाम तात्पुरता असला तरी तो काही महिने टिकतो. त्या काळात त्या व्यक्तीला रोज आपल्या चेहऱ्याचे स्पष्टीकरण देत बसावे लागते.

असे उपचार आता केवळ महानगरांतील मोजक्या लोकांपुरते राहिलेले नाहीत. मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर महामार्ग ज्या ठिकाणी मिळतात, त्या हातखंबा तिठ्याच्या परिसराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. येथून रत्नागिरी शहर जवळ, कोल्हापूर काही तासांच्या अंतरावर आणि मुंबई तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. कोकणातील असंख्य कुटुंबांचा एक पाय मुंबईत असतो. त्यामुळे इंजेक्शन एका शहरात, दोष दिसतो तो गावी आणि दुरुस्तीसाठी जावे लागते तिसऱ्याच ठिकाणी, अशी परिस्थिती येथे सहज उद्भवू शकते. म्हणूनच हा विषय केवळ वैद्यकीय न राहता सामाजिकही ठरतो.

औषधाचा इतिहास आणि कार्य :

बोटुलिनम टॉक्सिनचा इतिहास विषबाधेपासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीतील युस्टिनुस केर्नर या वैद्याने बिघडलेल्या मांसाच्या सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचे तपशीलवार वर्णन केले. सॉसेजसाठी असलेल्या 'बोटुलुस' या लॅटिन शब्दावरूनच या आजाराला 'बोटुलिझम' हे नाव मिळाले. १८९५ साली बेल्जियममधील एका गावी अंत्यविधीनंतरच्या भोजनात अनेकांना विषबाधा झाली. त्या घटनेच्या अभ्यासातून एमिल व्हान एर्मेंगेम यांनी या विषाला कारणीभूत असणारा जिवाणू वेगळा केला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी या विषाच्या अत्यल्प मात्रेचा उपयोग डोळ्यांच्या तिरळेपणावर केला. १९८९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिरळेपणा आणि पापण्यांची अनैच्छिक उघडझाप यांसाठी या औषधाला मान्यता दिली. कॅनडातील जीन आणि ॲलस्टेअर कॅरुदर्स या डॉक्टर दांपत्याच्या असे लक्षात आले की, पापण्यांच्या विकारासाठी उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या भुवयांमधील उभ्या रेषाही नाहीशा होतात. त्यांचा यासंबंधीचा शोधनिबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला. पुढे २००२ साली भुवयांमधील उभ्या रेषांसाठी आणि २०१७ साली कपाळावरील आडव्या आठ्यांसाठी अमेरिकेत या औषधाला सौंदर्योपचार म्हणून मान्यता मिळाली.

औषधाचे कार्य समजण्यास सोपे आहे. मेंदूकडून आलेली आज्ञा स्नायूपर्यंत पोहोचविण्यासाठी मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडावे लागते. बोटुलिनम टॉक्सिन हे रसायन बाहेर पडू देत नाही. परिणामी स्नायू आकुंचन पावत नाही आणि त्यावरील त्वचेला सुरकुती पडत नाही. परिणाम साधारणतः दोन-तीन दिवसांनी जाणवू लागतो, सुमारे दोन आठवड्यांनी पूर्णत्वास पोहोचतो आणि तीन ते चार महिन्यांत ओसरतो. भुवईच्या दुरुस्तीचे सारे वेळापत्रक या क्रमावर अवलंबून असते.

भुवई उचलणारे आणि खाली ओढणारे स्नायू :

भुवईला वर उचलणारा स्नायू एकच असतो. कपाळावर पसरलेल्या या स्नायूला वैद्यकात 'फ्रॉन्टॅलिस' म्हणतात; प्रस्तुत लेखात त्याला 'ललाट-स्नायू' असे म्हटले आहे. या स्नायूचे कोणतेही टोक हाडाला जोडलेले नसते. वरच्या बाजूस तो डोक्यावरील चिवट आवरणाला आणि खालच्या बाजूस भुवईच्या त्वचेला व आसपासच्या स्नायूंना जोडलेला असतो. त्याचे तंतू उभे असतात, म्हणून त्याच्या आकुंचनाने पडणाऱ्या आठ्या आडव्या असतात.

याउलट भुवईला खाली ओढणारे स्नायू अनेक आहेत. दोन भुवयांमधील 'प्रोसिरस' आणि 'कॉरुगेटर' हे स्नायू भुवईचे आतील टोक खाली व मध्याकडे ओढतात. डोळ्याभोवती वर्तुळाकार पसरलेला 'ऑर्बिक्युलॅरिस' हा स्नायू बाहेरील टोक खाली ओढतो. भुवईचे स्थान म्हणजे या दोन गटांमधील अखंड रस्सीखेच होय. एका बाजूला एकच गडी आहे आणि दुसऱ्या बाजूला तीन-चार आहेत. त्यांतील कोणाचाही जोर कमी केला की दोर दुसऱ्या बाजूला सरकणारच.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. ललाट-स्नायूचा आतील भाग आणि बाहेरील भाग स्वतंत्रपणे काम करू शकतात. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी १९७८ साली चेहऱ्यावरील हालचालींचे जे वर्गीकरण मांडले, त्यात भुवईचे आतील टोक उचलणे आणि बाहेरील टोक उचलणे यांना स्वतंत्र क्रमांक दिले आहेत. आतील टोक उचलले गेले की चेहरा दुःखी किंवा चिंतातुर वाटतो, तर केवळ बाहेरील टोक उचलले गेले की तो खोडकर, संशयी किंवा कपटी वाटतो.

आकार बिघडण्याचे प्रकार :

पहिला आणि सर्वाधिक चर्चिला जाणारा प्रकार म्हणजे बाहेरील टोक वर चढणे. आठ्या कपाळाच्या मध्यभागी ठळक दिसतात, म्हणून औषधही प्रामुख्याने तेथेच दिले जाते. त्यामुळे ललाट-स्नायूचा मधला भाग शिथिल होतो, पण बाहेरचे तंतू पूर्ण शक्तीने काम करीत राहतात. मधला भाग थकलेला असल्याने भुवई उचलण्याचे सारे काम तेच करू पाहतात. परिणामी भुवईचा बाहेरील भाग टोकदार कमानीसारखा वर जातो. 'स्टार ट्रेक' या १९६६ साली सुरू झालेल्या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रावरून याला 'स्पॉक भुवई' म्हणतात. फाउस्टच्या कथेतील सैतानावरून त्याला 'मेफिस्टो चिन्ह' असेही नाव आहे. केवळ भुवयांमधील उभ्या रेषांवर इंजेक्शन घेतले असतानाही हा दोष संभवतो. कारण तेथील औषध ललाट-स्नायूच्या खालच्या मध्यभागापर्यंत पसरू शकते.

दुसरा प्रकार म्हणजे संपूर्ण भुवई खाली येणे. कपाळावर अधिक मात्रा दिली किंवा भुवईच्या फार जवळ इंजेक्शन दिले, तर भुवईला उचलणारा एकमेव स्नायूच निकामी होतो. ज्यांच्या वरच्या पापणीची त्वचा वयोमानाने सैल झालेली असते, ते नकळत कपाळाच्या स्नायूने भुवई सतत उचलून धरत असतात. अशा व्यक्तींना या प्रकाराचा धोका विशेष असतो. त्यांच्या आठ्या या केवळ सुरकुत्या नसून दृष्टी मोकळी ठेवण्यासाठी चाललेल्या कष्टांच्या खुणा असतात.

तिसरा प्रकार म्हणजे दोन्ही बाजूंमधील विषमता. तथापि, उपचारापूर्वीच अनेकांच्या भुवयांत थोडी विषमता असते आणि ती आरशात रोज पाहूनही लक्षात येत नाही. उपचारापूर्वीची छायाचित्रे नसतील तर हा दोष औषधाचा की निसर्गाचा, हे ठरविणेच अशक्य होते.

या तिन्हींपासून वेगळी ओळखावी अशी स्थिती म्हणजे पापणी खाली येणे. औषध डोळ्याच्या खोबणीत उतरून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचले तर असे होते. येथे भुवई जागेवर असते, पण डोळा अर्धवट मिटल्यासारखा दिसतो. याचा उपाय वेगळा असल्याने हा भेद आधीच स्पष्ट होणे आवश्यक ठरते.

दुरुस्तीची पद्धती :

दुरुस्तीचे पहिले तत्त्व म्हणजे घाई न करणे. पहिल्या आठवड्यात औषधाचा परिणाम सर्व भागांत सारख्या वेगाने प्रकट होत नाही. त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी दिसणारी विषमता दहाव्या दिवशी आपोआप कमी झालेली असू शकते. म्हणून सुमारे दोन आठवडे पूर्ण झाल्यानंतर तपासणी करण्याची प्रथा आहे. या तपासणीत चेहरा स्वस्थ असताना, भुवया उंचावताना आणि कपाळ आक्रसताना, अशा तिन्ही स्थितींत निरीक्षण केले जाते.

बाहेरील टोक वर चढले असल्यास उपाय बहुधा सोपा असतो. भुवया उंचावण्यास सांगून सर्वाधिक ओढ कोठे आहे ते पाहिले जाते. त्या ठिकाणी ललाट-स्नायूच्या बाहेरील भागात अत्यल्प मात्रा दिली जाते. बोटॉक्स या औषधाच्या मापाने ती प्रत्येक बाजूस साधारणतः एक ते दोन युनिट इतकीच असते. तुलनेसाठी, अमेरिकेतील मान्यताप्राप्त पद्धतीत कपाळाच्या आठ्यांसाठी २० आणि भुवयांमधील रेषांसाठी २० युनिट दिली जातात. म्हणजे दोष उपचाराच्या मानाने मोठा दिसला तरी दुरुस्तीची मात्रा मूळ मात्रेचा अगदी लहान अंश असते. इंजेक्शन भुवईपासून पुरेसे वर द्यावे लागते. मात्रा वाढली किंवा जागा खाली सरकली तर वर चढलेले टोक खाली लोंबू लागते, आणि एका दोषाच्या जागी दुसरा, अधिक कठीण दोष उभा राहतो. दुरुस्तीचा परिणाम काही दिवसांत दिसू लागतो.

खाली आलेल्या भुवईची दुरुस्ती तुलनेने अवघड असते. शिथिल झालेल्या स्नायूला पुन्हा बळ देणारे औषध उपलब्ध नाही. तरीही रस्सीखेचीची उपमा येथे उपयोगी पडते. उचलणाऱ्याला बळ देता येत नसेल तर ओढणाऱ्याचा जोर कमी करता येतो. डोळ्याभोवतीच्या वर्तुळाकार स्नायूच्या वरच्या-बाहेरील भागात अल्प मात्रा दिल्यास भुवईचे टोक किंचित, म्हणजे एक-दोन मिलिमीटर वर येऊ शकते. हे सर्वांनाच लागू पडत नाही. अनेकदा धीर धरणे हाच योग्य उपाय ठरतो. पापणी खाली आली असल्यास ॲप्राक्लोनिडिन या औषधाचे डोळ्यांत घालावयाचे थेंब तात्पुरता आधार देतात. पापणीतील दुसऱ्या एका लहान स्नायूला ते चेतवितात. हे थेंब नेत्रतपासणीनंतर वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावयाचे असतात.

टाळावयाच्या गोष्टी :

दोष लक्षात आल्यावर अस्वस्थ व्यक्ती अनेक घरगुती मार्ग चोखाळते. त्यांतील सर्वाधिक प्रचलित मार्ग म्हणजे ब्युटी पार्लरमध्ये जाऊन वर चढलेले टोक दोऱ्याने कोरून घेणे. यातून क्षणिक समाधान मिळते. परंतु भुवईचे केस कोरून दिलेला आकार चढलेल्या स्थितीला अनुसरून असतो. काही महिन्यांनी औषध ओसरून भुवई मूळ जागी आली की कोरलेला आकार तिला विसंगत ठरतो. स्नायूचा दोष केसांवर काढला की एकाचे दोन दोष होतात.

कपाळ चोळणे, शेक देणे यांनी औषध बाहेर निघून जात नाही. उलट इंजेक्शनानंतरच्या पहिल्या काही तासांत कपाळ चोळू नये, असे सांगितले जाते. आणखी एक गैरसमज फिलर या दुसऱ्या प्रकारच्या इंजेक्शनाशी संबंधित आहे. ओठ किंवा गाल भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हायल्युरॉनिक आम्लाच्या फिलरला विरघळविणारे द्रव्य उपलब्ध आहे. त्यामुळे कपाळावरील इंजेक्शनही तसेच विरघळविता येईल, असे अनेकांना वाटते. त्या द्रव्याचा बोटुलिनम टॉक्सिनवर कोणताही परिणाम होत नाही.

त्याचप्रमाणे दर थोड्या दिवसांनी 'आणखी थोडे' इंजेक्शन घेत राहणेही इष्ट नाही. वारंवार मात्रा घेतल्यास शरीरात औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन पुढे औषध निष्प्रभ ठरण्याची शक्यता असते.

काही लक्षणांकडे मात्र सौंदर्याचा प्रश्न म्हणून पाहता कामा नये. गिळण्यास, बोलण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास होणे, एकाची दोन दिसणे, अंगात सर्वसाधारण अशक्तपणा जाणवणे ही औषध शरीरात पसरल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. अमेरिकेत २०२४ साली बनावट औषध किंवा अपात्र व्यक्तींनी दिलेली इंजेक्शने यांमुळे अनेक राज्यांत अशी प्रकरणे नोंदली गेली. त्यांतील काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले.

हातखंब्याच्या संदर्भात उपचार-नोंदीचे महत्त्व :

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दुरुस्ती करणाऱ्याला मूळ उपचाराची माहिती असल्याशिवाय योग्य दुरुस्ती शक्य नाही. कोणते औषध वापरले, किती युनिट दिली, कोणत्या बिंदूंवर दिली आणि कोणत्या दिवशी दिली, ही चार उत्तरे आवश्यक असतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या औषधांची युनिटे परस्परांशी समान नसतात. बोटॉक्सचे एक युनिट आणि डिसपोर्टचे एक युनिट यांची सरळ अदलाबदल करता येत नाही. त्यामुळे 'वीस युनिट दिली' एवढे सांगणे अपुरे ठरते.

महानगरात राहणारी व्यक्ती दोन आठवड्यांनी त्याच डॉक्टरकडे जाऊ शकते. हातखंबा, पाली, निवळी किंवा लांजा परिसरातील व्यक्तीचे तसे नसते. मुंबईला नातेवाइकांकडे गेली असता तिने इंजेक्शन घेतले असेल, तर दोन आठवड्यांनी केवळ भुवई दाखविण्यासाठी पुन्हा मुंबईचा प्रवास करणे तिला परवडत नाही. ती रत्नागिरी किंवा कोल्हापूर येथील त्वचारोगतज्ज्ञाकडे जाते. तेथील तज्ज्ञापुढे नोंद नसेल तर त्याला अंदाजावर काम करावे लागते किंवा औषध ओसरेपर्यंत थांबण्याचा सल्ला द्यावा लागतो. त्यामुळे औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मात्रा, बिंदूंचे रेखाटन आणि आधीची छायाचित्रे असलेला केसपेपर रुग्णाने स्वतःजवळ मागून घेणे हे दूरच्या रुग्णासाठी उपचाराचेच अंग ठरते.

काळाचे भानही येथे आवश्यक आहे. गणपती, शिमगा आणि लग्नसराई हे कोकणातील एकत्र येण्याचे प्रसंग. अशा प्रसंगाच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदाच इंजेक्शन घेणे म्हणजे परिणाम पूर्ण दिसण्यापूर्वी आणि दुरुस्तीला अवसर न ठेवता चार लोकांत जाणे होय. दोन आठवडे परिणामासाठी आणि त्यानंतर काही दिवस दुरुस्तीसाठी, असा हिशेब करून किमान महिनाभर आधी हा निर्णय घ्यावा लागतो.

या औषधाची गणना सौंदर्यप्रसाधनांत करणे चुकीचे आहे. ते नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या देखरेखीखाली वापरावयाचे औषध आहे. ते विशिष्ट थंड तापमानात साठवावे लागते. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारणे आणि औषधाची कुपी आपल्यासमोर उघडण्याचा आग्रह धरणे यात अविश्वास दाखविण्याचा प्रश्न नसून तो रुग्णाचा साधा विवेक आहे.

भुवई आणि भावना :

शेवटी एका व्यापक प्रश्नाकडे लक्ष वेधणे उचित ठरेल. डेव्हिड हवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भुवयांमधील स्नायूंवर इंजेक्शन घेतलेल्या स्त्रियांना राग व दुःख व्यक्त करणारी वाक्ये वाचून समजण्यास आधीपेक्षा अधिक वेळ लागल्याचे आढळले. आनंदाच्या वाक्यांबाबत असा फरक दिसला नाही. एका अभ्यासावरून मोठे सिद्धान्त मांडणे योग्य नाही. तरीही चेहरा केवळ मनातील भाव दाखवितो असे नव्हे, तर भाव समजून घेण्यातही त्याचा वाटा असू शकतो, या शक्यतेकडे तो निर्देश करतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील नमन-खेळ्यांत संकासुराचा चेहरा झाकलेला असतो. त्यामुळे त्याला सारा अभिनय अंगविक्षेपांतून आणि शब्दांतून करावा लागतो. त्याचा मुखवटा प्रेक्षकांना ठाऊक असतो, म्हणून त्याबद्दल गैरसमज होत नाही. इंजेक्शनाने अडकलेल्या भुवईचे दुःख असे की, तो मुखवटा आहे हे समोरच्याला कळत नाही. तो त्यालाच चेहरा समजतो आणि त्यातील संशय किंवा उपहास खरा मानतो.

समारोप :

कपाळावरील इंजेक्शनांनंतर भुवयांचा आकार बिघडणे ही बहुधा गंभीर आणि कायमची व्याधी नसते. ललाट-स्नायू आणि भुवई खाली ओढणारे स्नायू यांच्यातील समतोल ढळल्याने ती उद्भवते. चढलेल्या टोकाची दुरुस्ती सुमारे दोन आठवड्यांनंतर, अत्यल्प मात्रेने आणि जाणत्या हाताने होऊ शकते. उतरलेल्या भुवईच्या बाबतीत बव्हंशी काळच उपचार करतो. दोन्ही प्रसंगी आधीची छायाचित्रे, लेखी नोंद आणि ठरलेली फेरतपासणी यांचे मोल इंजेक्शनाइतकेच आहे. महानगरापासून दूर राहणाऱ्या रुग्णाला तर त्यांच्यावाचून गत्यंतर नाही. आठ्या किती पुसल्या गेल्या यावरून उपचाराचे यश मोजण्याची सवय रूढ आहे. त्याऐवजी भुवईची 'सहज' स्थिती कितपत टिकली, या कसोटीवर ते मोजले गेल्यास उपचार करणारा आणि करून घेणारा या दोघांचीही दृष्टी अधिक निकोप होईल.